ओपीटी, लॉटरी आणि धरमपेठ

परदेशी विद्यापीठाची पदवी हाती पडली की त्या देशात विद्यार्थी म्हणून राहण्याचं कारण संपतं, आणि नोकरदार म्हणून राहण्याची परवानगी अजून मिळालेली नसते. या अधांतरी काळासाठी निरनिराळ्या देशांनी निरनिराळ्या सोयी करून ठेवल्या आहेत. त्यांची अधिकृत माहिती त्या त्या देशाच्या कचेऱ्या देतात. नागपुरात ती सकाळी साडेसहा ते आठच्या दरम्यान अंबाझरी उद्यानाच्या बाकांवर मिळते, आणि तिथली जास्त ताजी असते. ज्या निवृत्त गृहस्थांनी रेशनकार्डावरचा पत्ता तीस वर्षांत बदलून घेतलेला नाही, ते अमेरिकेचा आय-७६५ हा अर्ज शिक्षण संपण्याच्या किती दिवस आधी भरता येतो हे न अडखळता सांगतात. तो ९० दिवस आधीपासून भरता येतो, आणि संपल्यावर ६० दिवसांपर्यंत.

सुरुवात अमेरिकेपासून करणं भाग आहे, कारण बहुतेक नागपूरकरांनी ती तिथूनच केली. २०२३-२४ या वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. चीनला मागे टाकून भारत २००९ नंतर प्रथमच पहिल्या क्रमांकावर आला. यात नागपूरचा वाटा किती, याचा अंदाज घ्यायचा असेल तर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सोनेगावच्या विमानतळावर उभं राहावं. येताना ज्या बॅगांत चॉकलेटं असतात, त्याच बॅगा जानेवारीत संत्रा बर्फी, गोडा मसाला आणि आईने ‘वजनात बसते’ म्हणून कोंबलेली ज्वारीच्या पिठाची पिशवी घेऊन परत जातात.

या विद्यार्थ्याला पदवीनंतर जी पहिली परवानगी मिळते तिला ओपीटी म्हणतात. प्रत्येक पदवीपातळीला एकदा, १२ महिन्यांची. काम शिकलेल्या विषयातलंच हवं आणि आठवड्याला किमान २० तास हवं. परवानगी मंजूर झाली की पोस्टाने एक कार्ड येतं. ते येईपर्यंत काम सुरू करता येत नाही, आणि तोवर धरमपेठेतल्या घरात रोज रात्री नऊच्या व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न ‘जेवलास का’ हा नसून ‘कार्ड आलं का’ हा असतो. डॅलसमधल्या टपालपेटीची किल्ली कोणत्या रूममेटकडे असते, हेही नागपुरात ठाऊक असतं.

ओपीटीत एक काटा आहे. या १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेरोजगार राहता येत नाही. दिवसांची मोजणी कार्डावरच्या तारखेपासून सुरू होते. नोकरीचा पत्ता असो वा नसो. हा हिशोब अमेरिकन सरकारच्या संगणकात असतोच, पण स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावरही असतो. दुधाचा खाडा, सिलिंडर कधी लावला आणि मुलाचा एकसष्टावा दिवस हे एकाच पानावर, एकाच बॉलपेनाने लिहिलेलं आढळतं. सत्तरीच्या घरात गेलं की मामा-काकांकडून सूचना येऊ लागतात. त्यांतली एक खरोखर उपयोगी असते: पहिल्या वर्षाच्या ओपीटीत बिनपगारी काम केलं तरी, ते मजुरीच्या कायद्यात बसत असेल तर, बेरोजगारीचा मीटर थांबतो. ही सोय समजावून सांगणं मात्र अवघड जातं. चाळीस लाखांचं कर्ज काढून पोरगा फुकट राबून राहिला आहे आणि ही आनंदाची गोष्ट आहे, हे आजोबांच्या गळी उतरत नाही.

विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी किंवा गणित (एकत्रित नाव ‘स्टेम’) यांपैकी काही शिकलेल्यांना ओपीटी आणखी २४ महिने वाढवून मिळते. ही मुदतवाढ २००८ मध्ये १७ महिन्यांची होती, २०१६ पासून २४ झाली. म्हणजे एकूण तीन वर्षं, आणि बेरोजगारीची मर्यादा एकंदर १५० दिवस. अट अशी, की कंपनी सरकारच्या ई-व्हेरिफाय यंत्रणेत नोंदलेली हवी, आणि आय-९८३ या फॉर्मवर तिने प्रशिक्षणाचा आराखडा लिहून द्यायला हवा. या २४ महिन्यांच्या लोभाने अमेरिकन विद्यापीठांतही वैज्ञानिक दृष्टिकोन फार वाढला. अनेक ठिकाणी अर्थशास्त्र विभागाने आपल्या विषयाचा सरकारी सांकेतिक क्रमांक बदलून ‘इकॉनोमेट्रिक्स’चा घेतला, आणि कालपर्यंत कलाशाखेत बसणारा विषय गणितात जमा झाला. एमबीएतही ‘ॲनालिटिक्स’ हा शब्द कुठेतरी बसवण्याची चढाओढ लागली. नागपुरात मुलाला कुठला कोर्स घ्यायचा असं विचारलं, तर बाप विषयाचं नाव सांगत नाही, ‘स्टेम आहे’ एवढंच सांगतो.

इथे कर्जाचाही उल्लेख करायला हवा, कारण ओपीटीचं घड्याळ एकटं चालत नाही. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँका सहसा तारण मागतात. तारण म्हणजे बहुधा बेसा किंवा मनीषनगरातला प्लॉट. हप्ते साधारणपणे शिक्षण संपल्यावर सहा महिने ते वर्षभरात सुरू होतात. म्हणजे अमेरिकेत ९० दिवस मोजले जात असताना बेशाच्या प्लॉटवरही कुणीतरी दिवस मोजत असतं. प्लॉट घेतला तेव्हा ‘म्हातारपणी बांधू’ असा विचार होता. म्हातारपण आलं, प्लॉट मात्र डॅलसला गेला.

ओपीटीनंतरची पायरी एच-१बी हा नोकरीचा व्हिसा. हा वर्ग १९९० च्या कायद्याने निर्माण झाला. वर्षाला ६५,००० जागा, अधिक अमेरिकन विद्यापीठातून मास्टर्स केलेल्यांसाठी २०,०००. या ६५,००० तून चिली आणि सिंगापूरसाठी ६,८०० बाजूला काढून ठेवलेल्या असतात. चिलीवाले त्या सगळ्या वापरत नाहीत, ही माहिती अंबाझरीच्या बाकावर अत्यंत हळहळीने सांगितली जाते. अर्जदार जागांपेक्षा कितीतरी जास्त असल्याने निवड सोडतीने होते. मार्चमध्ये कंपनी उमेदवाराचं नाव ऑनलाइन नोंदवते, महिनाअखेर निकाल कळतो, एप्रिलपासून खरा अर्ज जातो आणि १ ऑक्टोबरपासून नवा दर्जा लागू होतो.

२०२३ च्या मार्चमध्ये या सोडतीसाठी सुमारे ७ लाख ८० हजार नोंदी आल्या. एवढी माणसं नव्हती. एकाच माणसाची नोंद अनेक कंपन्यांनी केली होती. काही कंपन्यांचा हाच धंदा होता. पुढच्या वर्षापासून सरकारने नोंदी मोजणं सोडून माणसं मोजायला सुरुवात केली, तसा आकडा ४ लाख ८० हजारांवर आला. २०२५ मध्ये नोंदणीचं शुल्क १० डॉलरवरून २१५ झालं आणि पात्र नोंदी साडेतीन लाखांच्याही खाली उतरल्या. त्यांतल्या १,२०,१४१ निवडल्या गेल्या. जागांपेक्षा निवड जास्त करावी लागते, कारण निवड झालेले सगळेच पुढे अर्ज भरत नाहीत. हे कोणते महाभाग, याविषयी नागपुरात कुतूहल आहे.

त्या वर्षी नोंदणी ७ ते २४ मार्च अशी होती. ३० मार्चला गुढीपाडवा आला आणि ३१ ला निकाल जाहीर झाल्याचं कळलं. ज्या घरी नाव निघालं त्यांनी ६ एप्रिलला पोद्दारेश्वर राममंदिराच्या शोभायात्रेत उत्साहाने भाग घेतला. ज्यांचं निघालं नाही त्यांनी गच्चीवरून पाहिली. या आठवड्यात नागपुरात विचारपूस करण्याची एक शैली ठरून गेली आहे. सरळ कोणी विचारत नाही. ‘काय म्हणते मग पोरगा?’ असं म्हणून थांबतात. उत्तर ‘मजेत आहे’ एवढंच आलं की समजायचं, लागली नाही. लागली असती तर प्रश्नाआधी पेढा आला असता.

सोडत असली की देव आलाच. टेकडी गणपती रेल्वे स्टेशनजवळ असल्याने पहिला नवस तिथे बोलून पुढे गाडी पकडणं सोयीचं पडतं. गाडी म्हणजे सिकंदराबादची वंदे भारत, जी सप्टेंबर २०२४ पासून नागपुरातून सुटते. कारण व्हिसाचा बालाजी हैदराबादजवळ चिलकूरला आहे. मागणं मागताना ११ प्रदक्षिणा आणि ते पूर्ण झालं की १०८, असा तिथला रिवाज. या देवळात हुंडी नाही. इतकं करून प्रदक्षिणा घालतात त्या आई-वडील, अर्जदार स्वतः ऑस्टिनमध्ये झोपलेला असतो. मुलाच्या जागी वडिलांनी घातलेल्या प्रदक्षिणा कोणत्या फॉर्ममध्ये धरतात, याबद्दल शास्त्रात स्पष्टता नाही.

आता सोडतीतही भेद आला आहे. २०२५ च्या डिसेंबरात जाहीर झालेला नियम २७ फेब्रुवारी २०२६ पासून लागू झाला. त्यानुसार ज्याचा पगार वेतनश्रेणीच्या चौथ्या पातळीत बसतो त्याचं नाव चार वेळा टाकलं जातं, तिसरीत तीनदा, दुसरीत दोनदा आणि पहिल्या पातळीवरच्या नवशिक्याचं एकदाच. म्हणजे जो नुकता पदवीधर झाला, ज्याच्यासाठी हे सगळं रामायण, त्याचीच चिठ्ठी सर्वांत हलकी. चिलकूरला आता नुसतं ‘नाव निघू दे’ म्हणून भागत नाही, ‘लेव्हल चार होऊ दे’ असं नीट सांगावं लागतं.

त्याआधीचा धक्का पितृपक्षातला. १९ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलर आकारण्याच्या घोषणापत्रावर सही केली आणि ते २१ तारखेपासून, म्हणजे नेमकं सर्वपित्री अमावास्येपासून, अंमलात आलं. १ लाख डॉलर म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण ८८ लाख रुपये. मुहूर्त पाहून काम करायची सवय असलेल्या घरांना यात आश्चर्य वाटलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी बातमी फुटली आणि सुटीवर आलेल्या अनेकांनी अर्धवट सुटी टाकून परतीची तिकिटं काढली. दुसऱ्या दिवशी खुलासा झाला की जुन्यांना हे लागू नाही. ऑक्टोबरात आणखी खुलासा झाला की अमेरिकेतच राहून विद्यार्थ्याचा दर्जा एच-१बीत बदलून घेणाऱ्यांनाही नाही. म्हणजे ओपीटीवरची बहुतेक मुलं वाचली. पण ‘कुणी देशाबाहेर पाऊल टाकू नका’ हा सल्ला त्या महिन्यात इतका पसरला, की दिवाळीला पोरं येणार म्हणून केलेलं चकलीचं भाजणीपीठ बऱ्याच डब्यांत तसंच राहिलं.

पाऊल न टाकण्याला कारणही आहे, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. दर्जा आणि शिक्का या दोन वेगळ्या गोष्टी. १ ऑक्टोबरला अमेरिकेत बसल्या जागी दर्जा बदलतो, पण पासपोर्टवर एच-१बीचा शिक्का उमटत नाही. तो देशाबाहेरच्या वकिलातीतच मिळतो. २०२५ मध्ये १ ऑक्टोबर झाला आणि दुसऱ्या दिवशी दसरा आला. कायद्याच्या दृष्टीने या मुलांनी सीमा न ओलांडता सीमोल्लंघन केलं होतं. खरोखर ओलांडली तर परत आत येण्यासाठी मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत द्यावी लागते. त्या डिसेंबरात समाजमाध्यमांच्या तपासणीचं नवं फर्मान निघालं आणि ठरलेल्या असंख्य मुलाखती पुढच्या वर्षात ढकलल्या गेल्या. बहिणीच्या लग्नाला म्हणून दोन आठवड्यांसाठी आलेले भाऊ तिच्या मंगळागौरीपर्यंत थांबण्याची भीती तेव्हा निर्माण झाली. त्यांतले काही रात्री अमेरिकेची नोकरी करत आणि दिवसा वडिलांसोबत इतवारीत हळद-तिखट दळायला जात.

सोडतीत नाव निघालंच नाही तर पुढच्या मार्चमध्ये पुन्हा, आणि त्याच्या पुढच्याही. स्टेमवाल्याला अशा तीन संधी मिळतात, कधी चार. संपल्या की आडवाटा सुरू होतात. विद्यापीठं आणि ना-नफा संशोधनसंस्था यांना जागांची मर्यादा नाही, तिथे नोकरी मिळाली तर सोडतच लागत नाही. पगार मात्र प्राध्यापकी असतो. कंपनी मोठी असेल तर ती वर्षभर टोरांटोत किंवा बंगळुरात बसवते आणि एल-१ या बदलीच्या व्हिसावर परत आणते. काही जण दुसरी मास्टर्स घेतात, जिच्यात पहिल्या दिवसापासून काम करता येतं. ही डिग्री नात्यात सांगताना ‘पुढचं शिकून राहिला’ असं सांगतात, आणि आत्या ‘किती शिकतो बाई’ म्हणून हरखते. यांतल्या काही विद्यापीठांकडे सरकारही बारकाईने पाहतं, हे आत्याला सांगत नाहीत.

आणखी एक वाट ओ-१ ची: असामान्य क्षमता असलेल्यांसाठी. प्रत्येक आईच्या मते आपलं मूल यात बसतं. वकिलाच्या मते आठ निकषांपैकी किमान तीन सिद्ध करावे लागतात, आणि दहावीला बोर्डात आल्याचं पेपरातलं कात्रण, जे गोदरेजच्या कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं असतं, त्यांतल्या एकाही निकषात मोडत नाही.

एच-१बी मिळाला की तीन वर्षं, वाढवून सहा. त्यापलीकडे राहायचं तर ग्रीनकार्डाच्या रांगेत नाव हवं. नोकरीच्या आधारे दिल्या जाणाऱ्या ग्रीनकार्डांची संख्या वर्षाला साधारण १,४०,००० आणि कोणत्याही एका देशाला त्यातलं ७ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. मग तो देश भारत असो की आइसलँड. परिणाम असा की २०२५ च्या उन्हाळ्यात मास्टर्सवाल्या भारतीयांच्या रांगेतली तारीख १ जानेवारी २०१३ वर उभी होती. त्यामुळे वधूवर सूचक मंडळांतल्या माहितीपत्रकात गोत्र, नाडी यांच्या शेजारी ‘आय-१४० मंजूर’ अशी नोंद आली. ग्रीनकार्डासाठी कंपनी भरते तो हा कागद मंजूर असला की सहा वर्षांनंतरही एच-१बी वाढत राहतो. मुलीकडचे आता मंगळ नंतर विचारतात. सुनेला मात्र एच-४ वर जावं लागतं. तिला काम करण्याची मुभा २०१५ पासून आहे, पण नवऱ्याची आय-१४० मंजूर झालेली असेल तरच, किंवा सहा वर्षांच्या पुढे त्याची मुदत वाढलेली असेल तरच. नागपुरात बँकेत अधिकारी असलेली मुलगी न्यू जर्सीत दोन वर्षं उत्तम पुरणपोळ्या करते, त्यामागे संस्कृतीपेक्षा हे कलम जास्त आहे.

अमेरिकेला कंटाळलेल्यांसाठी इतर देश आहेत. ब्रिटनने पदवीनंतर कामाची सवलत २०१२ मध्ये काढून घेतली आणि १ जुलै २०२१ ला ग्रॅज्युएट रूट या नावाने परत दिली: दोन वर्षं, पीएचडीला तीन. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दोनाच्या जागी दीड वर्षच मिळणार आहे. पुढे स्किल्ड वर्करमध्ये जायचं तर जुलै २०२५ पासून सर्वसाधारण पगाराची पातळी ४१,७०० पौंड, नव्याने नोकरीत शिरणाऱ्यांना थोडी सूट. ब्रिटनचं मास्टर्स एका वर्षाचं असल्याने नागपूरकर बापाला ते स्वस्त वाटतं. मुलगी गेली, थंडी संपली, पदवीदान झालं आणि मुलगी नोकरी शोधून राहिली आहे, हे सगळं एका दिवाळीपासून दुसरीपर्यंत उरकतं.

कॅनडात पदवीनंतरचं वर्क परमिट तीन वर्षांपर्यंतचं, तेही आयुष्यात एकदाच. तिथे २०२४ च्या जानेवारीत विद्यार्थ्यांच्या संख्येवरच मर्यादा आली, तेव्हापासून अंबाझरीत कॅनडाच्या बाकावरची गर्दी ओसरली. आयर्लंड मास्टर्सवाल्यांना दोन वर्षं देतो. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये या परवान्याची वयोमर्यादा ५० वरून ३५ केली, पण भारताशी झालेल्या करारामुळे आपल्याकडच्या मास्टर्सना तिथे तीन वर्षांपर्यंत राहता येतं.

खरा जोर सध्या जर्मनीचा. शिक्षण बहुतांशी फुकट, आणि पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने. त्या काळात पोटासाठी कोणतंही काम करता येतं. नोकरी लागली की दोन वर्षांत कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. अडचण दोन ठिकाणी येते. एक भाषा, म्हणून लक्ष्मीनगरातल्या शिकवणीत संध्याकाळी ए-१, ए-२, बी-१ अशा पाट्या लागतात आणि ‘पोरगी बी-वन झाली’ हे वाक्य शेजारी चिंतेने ऐकतात. दुसरी अडचण ब्लॉक्ड अकाउंटची. जाण्याआधी ११,९०४ युरो एका खात्यात कोंडून ठेवायचे आणि तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ प्रमाणे आपले आपल्याला घ्यायचे. ‘आपलेच पैसे?’ असं वडील विचारतात. होय, आपलेच. ‘मग सरकारला काऊन विचारायचं?’ याचं उत्तर जर्मन कायद्यात आहे, पण ते बी-१ च्या पुढचं आहे.

सर्व मार्ग संपले तर नागपूर. यासाठी कोणताही फॉर्म नाही. मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, आणि परत आलेल्या मुलाला पहिले सहा महिने ‘सुटीवर आलास?’ हा प्रश्न ऐकावा लागतो. या परतीलाही कधी परवानगी लागत असे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, पदवीनंतर नोकरीऐवजी गदर पक्षाचं काम त्यांनी पत्करलं, आणि शेवटी मेक्सिकोत चापिंगोच्या शेतकी महाविद्यालयात प्राध्यापक झाले. मक्यावरच्या त्यांच्या कामाची तिथे एवढी वाखाणणी झाली, की दिएगो रिवेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलं. स्वातंत्र्यानंतर त्यांनी भारतात परतायचं ठरवलं, तर इंग्रजांनी केलेल्या काळ्या यादीत नाव असल्यामुळे सुरुवातीला अर्ज फेटाळला गेला. यादी करणारे निघून गेले होते, यादी राहिली होती. अखेर परवानगी मिळाली आणि ते आले. १९६७ मध्ये नागपुरातच त्यांचं निधन झालं.

जे परदेशात टिकले आणि तिथले नागरिक झाले, त्यांना नागपूरला यायचं तर भारताचा व्हिसा लागतो, कारण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. त्यावर तोडगा ओसीआय कार्डाचा, २००५ पासूनचा. ते असलं की आयुष्यभर येता-जाता येतं, फ्लॅट घेता येतो, नोकरी करता येते. मतदान करता येत नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. काटोलची संत्र्याची बाग त्यामुळे ओसीआयवाल्या मुलाला विकत घेता येणार नाही. वारसाने मात्र ती त्याच्या नावे होऊ शकते. त्यासाठी सोडत नाही, मुलाखत नाही, लेव्हल नाही. फक्त फेरफाराचा अर्ज घेऊन काटोलला तलाठ्याकडे जावं लागतं, आणि तलाठी त्या दिवशी जागेवर असावा लागतो.